टीएन३२७० क्लायंट: माझ्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

काल ऑफिसात नव्या मुलाने विचारलं, "मॅडम, मी स्क्रीनवर एकच फील्ड बदललं. मग बाकीची फील्डं प्रोग्रॅमला रिकामी का मिळाली? स्क्रीनवर तर सगळं दिसत होतं." मी सवयीने म्हटलं, "एफसेट लाव." स्क्रीनच्या व्याख्येतला तो एक पर्याय. त्याने लावलं, काम झालं. पण त्याने पुन्हा विचारलं, "म्हणजे नक्की काय होतं?" आणि मला नीट सांगता आलं नाही. चौदा वर्षं सीआयसीएसवर, म्हणजे मेनफ्रेमवर स्क्रीनचे व्यवहार चालवणाऱ्या आयबीएमच्या प्रणालीवर, कोबोल लिहिते आहे. स्क्रीन कसा बनवायचा ते माहीत आहे, पण तो वायरीतून कसा जातो ते कधी पाहिलंच नाही.

म्हणून ठरवलं: ३२७० टर्मिनल, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमला जोडायचा स्क्रीन-कीबोर्ड, प्रोग्रॅम म्हणून स्वतः लिहायचं. टीएन३२७० म्हणजे तेच टर्मिनल टेलनेट या नेटवर्क-जोडणीवरून. पायथनमध्ये, कुठलीही तयार लायब्ररी न घेता, एकेक बाइट हाताने उलगडत. वेळ शनिवार-रविवारचा. संपल्यावर तेच नव्या मुलांना दाखवायचं.

८ जून, रविवार

होस्ट, म्हणजे पलीकडची मेनफ्रेम, उभा केला. मेनफ्रेम घरी कुठून आणणार? पण हर्क्युलिस आहे. रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हा एम्युलेटर साध्या लॅपटॉपवर सिस्टम/३७० चं यंत्र उभं करतो. त्यावर एमव्हीएस ३.८जे, म्हणजे १९८१ ची ऑपरेटिंग सिस्टम, जी कुणालाही वापरता येते. युर्गन विंकेलमान यांनी जुळवलेला टीके४- हा संच उतरवून घेतला की लॉगऑनपर्यंत पोहोचायला अर्धा तास पुरतो. आधी एक्स३२७० या तयार टर्मिनल-प्रोग्रॅमने जोडून पाहिलं. हिरव्या अक्षरांत स्क्रीन आला. आता तोच स्क्रीन माझ्या कोडने आणायचा.

पायथन ३.१३ मधून टेलनेटलिब हे टेलनेटचं तयार मॉड्यूल काढून टाकलं आहे, हे आज कळलं. बरंच झालं. थेट सॉकेट उघडला.

१० जून, मंगळवार (रात्री)

जोडणी झाली, पहिले तीन बाइट आले (बाइट मी हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीच्या अंकांत लिहिते आहे): एफएफ, एफडी, १८. अर्थ: "तुझा टर्मिनलचा प्रकार सांगशील का?" माझ्याकडून उत्तर: एफएफ, एफबी, १८, म्हणजे "सांगेन". मग होस्ट म्हणतो "सांग", आणि मी नाव पाठवते. सगळा संवाद या नावावर ठरतो. मी आधी 'एक्सटर्म' पाठवलं, तर हर्क्युलिसने मला ३२७० मानलंच नाही. 'आयबीएम-' ने सुरू न होणारा पाहुणा त्याच्या लेखी छापयंत्रासारखा ओळीओळीने बोलणारा कन्सोल असतो. 'आयबीएम-३२७८-२' पाठवलं आणि पुढचं दार उघडलं.

पुढे दोन गोष्टी दोन्ही बाजूंनी कबूल करायच्या: रेकॉर्ड कुठे संपतो त्याची खूण देणं (पर्याय २५, हा आकडा साधा दशमान), आणि आठही बिट जसेच्या तसे जाऊ देणं (पर्याय ०). एवढं झालं की टेलनेट बाजूला होतो आणि ३२७० सुरू होतो. आरएफसी १५७६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात, जानेवारी १९९४ चा आहे तो, हीच चालू रीत लिहून ठेवली आहे. टर्मिनलचं नाव आस्की या नेहमीच्या अक्षर-संकेतात जातं. त्यानंतरचं जवळजवळ सगळं एबसिडिक या आयबीएमच्या अक्षर-संकेतात. भाषा बदलते ती नेमकी इथे.

१४ जून, शनिवार

पूर्ण सकाळ एका चुकीत गेली. सॉकेटमधून एकदा वाचलं म्हणजे एक स्क्रीन आला, असं धरून चालले होते. लहान स्क्रीनला चालतं, मोठा स्क्रीन दोन-तीन तुकड्यांत येतो, आणि माझा कोड दुसऱ्या तुकड्याच्या पहिल्या बाइटला कमांड समजायचा. स्क्रीनवर कचरा.

नियम साधा आहे: एफएफ ईएफ ही जोडी येईपर्यंत साठवत राहायचं. ती आली की रेकॉर्ड पूर्ण. आणि मजकुरातच एफएफ असेल तर तो दोनदा येतो, त्यातला एक टाकून द्यायचा. तुकडा नेमका एफएफवर तुटला तर पुढचा बाइट येईपर्यंत काहीच ठरवायचं नाही. ही शेवटची अट मी सोडली होती. आता एक छोटं स्टेट मशीन लिहिलं आहे, एकेक बाइट खाणारं.

१५ जून, रविवार

खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. आखातातल्या एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये त्यांनी ऐंशीच्या दशकात आयुष्य काढलं. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली, तेव्हा काका नुकते कॉलेजातून बाहेर पडत होते. ३२७० घराण्यातलं खरं ३२७८ टर्मिनल त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते परदेशी. मी तर आजवर फक्त खिडकीतला एम्युलेटर पाहिला आहे.

मी विचारलं, "काका, याला लोक हुशार टर्मिनल म्हणतात. हुशारी कशात होती?"

"अगं, ३२७८ मध्ये हुशारी कमीच. हुशार होता कंट्रोलर. आमच्याकडे ३२७४ होता, नंतर ३१७४ आला. एका ३२७४ ला बत्तीसपर्यंत टर्मिनलं. प्रत्येकाला वेगळी कोॲक्स केबल. ९३ ओहमची, आरजी-६२. टीव्हीची केबल घातलीस तर भांडणं सुरू. दीड किलोमीटरपर्यंत नेता यायची."

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवलं. कंट्रोलर प्रत्येक टर्मिनलला सतत विचारत राहतो: काही आहे का? तुम्ही 'क' दाबला की टर्मिनल त्या विचारण्याला कळीचा कोड देऊन मोकळं होतं. ते अक्षर स्क्रीनच्या साठ्यात कुठे बसवायचं, फील्ड बंदिस्त आहे का, कर्सर कुठे न्यायचा, हे सगळं कंट्रोलर ठरवतो. या पद्धतीला कट म्हणतात. पुढे डीएफटी आलं, त्यात हे काम टर्मिनल स्वतःच करतं. मेनफ्रेमला मात्र दोन्ही सारखेच. तिला एकही कळ कळत नाही. ती एंटरची वाट पाहते.

"आणि कंट्रोलरपासून होस्टपर्यंत?" मी विचारलं.

"जवळ असला तर थेट चॅनेलवर. दुसऱ्या गावात असला तर मोडेम, भाड्याची लाइन, त्या टोकाला ३७२५ सारखा फ्रंट-एंड, लाइनी सांभाळणारं यंत्र. लाइनवर बोलायचे नियम आधी बायसिंकचे, मग एसएनएवर एसडीएलसीचे." एसएनए ही नेटवर्कची रचना आयबीएमने १९७४ मध्ये जाहीर केली. त्यात कंट्रोलरला पीयू म्हणतात, प्रत्येक स्क्रीनला एलयू टाइप २, आणि होस्टच्या बाजूला व्हीटॅम हा प्रोग्रॅम सगळ्यांची ओळख ठेवतो.

चहा गार झाला. मी मात्र एक गोष्ट घेऊन वर आले: माझ्या एका पायथन फाइलमध्ये ३२७८ आणि ३२७४ दोघंही राहणार आहेत. कोडची दोन क्लासमध्ये फोड केली. एक चित्र काढतो, दुसरा नियम पाळतो.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामी आहेत, रस्ते बंद. दिवसभर घरी. पहिला पूर्ण स्क्रीन आज दिसला!

होस्टकडून येणारा रेकॉर्ड असा वाचायचा: पहिला बाइट कमांड (एफ५ किंवा ०५ म्हणजे पुसून लिही, दोन्ही रूपं मान्य करावी लागतात), दुसरा नियंत्रण-बाइट, आणि पुढे मजकुरात मिसळलेल्या ऑर्डरी. ११ म्हणजे "या पत्त्यावर जा", १डी म्हणजे "इथून फील्ड सुरू", १३ म्हणजे "कर्सर इथे ठेव".

पत्त्यात अडकले होते. २४ ओळी गुणिले ८० रकाने, म्हणजे १९२० जागा, ० पासून १९१९ पर्यंत. दहाव्या ओळीचा एकविसावा रकाना म्हणजे ७४०. हे सरळ दोन बाइटांत पाठवलं असतं तर ०२ ई४ झालं असतं. पण येतात ४बी ई४. कारण ७४० चे सहा-सहा बिटांचे दोन तुकडे केलेत: ११ आणि ३६. मग प्रत्येक तुकड्याला चौसष्ट खान्यांच्या तक्त्यातून एक छापता येणारं एबसिडिक अक्षर दिलंय. ११ चं ४बी, ३६ चं ई४. शेवटची जागा १९१९ म्हणजे ५डी ७एफ.

एवढी यातायात का? काकांना फोन केला. "बायसिंक लाइनवर ०२, ०३ असे बाइट लाइनचे स्वतःचे इशारे होते. मजकुरात ०३ आला की मोडेमपलीकडे वाटायचं, संपलं. म्हणून पत्तासुद्धा अक्षरांच्या वेषात पाठवायचा." लाइन गेली, बायसिंक गेलं, वेष तसाच राहिला. आज माझ्या लॅपटॉपच्या आतल्या आतसुद्धा ७४० हा आकडा तोच वेष घालून येतो, आणि मला ते फार आवडलं.

२२ जून, रविवार

फील्ड. १डी नंतरचा बाइट गुणधर्म सांगतो, आणि हा गुणधर्म स्क्रीनवर स्वतःची एक जागा खातो. बीएमएसमध्ये, म्हणजे सीआयसीएसचे स्क्रीन लिहिण्याच्या सोयीत, फील्डच्या आधी एक रकाना मोकळा सोडायला आम्हाला शिकवलं होतं. कारण आज दिसलं.

बिट असे: एक बंदिस्त की खुलं, एक फक्त आकडे की काहीही, दोन बिट दिसण्याचे, आणि सगळ्यात शेवटचा बिट "बदललं" हे सांगणारा, ज्याला एमडीटी म्हणतात. बंदिस्त आणि आकडे दोन्ही लावले की कर्सर त्या फील्डवरून उडी मारून पुढे जातो. त्या संयोगाचा बाइट एफ०, म्हणजे एबसिडिकमधला '०'. सीआयसीएसमधल्या डीएफएचबीएमएएसके या नावाने हाच '०' मी शेकडो वेळा लिहिला आहे!

चूक सापडली ती अशी: शेवटच्या ओळीत सुरू होणारं फील्ड माझ्याकडे १९१९ वर संपायचं. खरं तर स्क्रीनचा साठा गोल आहे. पुढचा गुणधर्म मिळेपर्यंत फील्ड चालतं, शेवट आला की ० पासून पुन्हा. एका मॉड्युलोने (भागाकाराच्या बाकीने) काम झालं.

२५ जून, बुधवार

पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काही दिसत नाही. पण माझ्या हेक्स डंपमध्ये स्पष्ट दिसलं: सी३ ई४ डी३ एफ८ ई३ डी९. टीके४- चा सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड, सीयूएल८टीआर, एबसिडिकमध्ये. "न दिसणारं" फील्ड फक्त डोळ्यांपासून लपतं, वायरीपासून नाही. टीएलएसशिवाय, म्हणजे वायरीवरचा मजकूर कुलूपबंद केल्याशिवाय, कुणीही टीएन३२७० चालवू नये.

२८ जून, शनिवार

आजचा दिवस या सगळ्या खटाटोपाचं कारण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एंटर दाबल्यावर टर्मिनल काय पाठवतं? पहिला बाइट कुठली कळ: एंटर ७डी, पीएफ३ एफ३, क्लिअर ६डी. मग कर्सरचा पत्ता, दोन बाइट. आणि मग फक्त ज्या फील्डांचा एमडीटी लागलेला आहे ती फील्डं, प्रत्येकाचा पत्ता आणि मजकूर. बाकी स्क्रीन तिथेच राहतो, होस्टला जात नाही. क्लिअर किंवा पीए कळा दाबल्या तर फक्त कळीचा बाइट जातो, दुसरं काही नाही.

एमडीटी लावतो कोण? वापरणाऱ्याने त्या फील्डात काही टाइप केलं की टर्मिनल. आणि होस्टलाही लावता येतो, फील्ड पाठवतानाच. एफसेट म्हणजे तेच. डीएफएचबीएमएफएसई हा स्थिरांक 'ए' आहे. एबसिडिकमध्ये 'ए' म्हणजे सी१. आणि सी१ चा शेवटचा बिट १. खुलं, साधं, "बदललेलं" असं खोटंच सांगणारं फील्ड.

आणि मग नियंत्रण-बाइट. होस्ट लिहिताना त्यात सांगतो: कीबोर्ड मोकळा कर, आणि सगळ्या फील्डांचे एमडीटी पुसून टाक. दोन बिट, मिळून सी३. मी माझ्या मॅपमध्ये (स्क्रीनच्या व्याख्येत) चौदा वर्षं सीटीआरएल=(एफआरईईकेबी,एफआरएसईटी) लिहिते आहे. ती पूर्ण ओळ म्हणजे हा एक बाइट. माझ्या क्लायंटच्या लॉगमध्ये तो सी३ दिसला आणि मी काही वेळ नुसती बघत बसले.

कारण मला एक जुनी रात्र आठवली. परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम. पॉलिसीधारकाचं नाव, पत्ता, तारीख असा साधा फॉर्म. लिपिकाने सगळं भरलं, तारीख चुकली. प्रोग्रॅमने "तारीख तपासा" असा संदेश पाठवला, आणि त्याच पाठवण्यात एफआरसेट, म्हणजे वरच्या ओळीतला एफआरएसईटी, होता. सगळे एमडीटी पुसले गेले. स्क्रीनवर नाव-पत्ता जसाच्या तसा दिसत होता. लिपिकाने तारीख दुरुस्त केली, एंटर दाबला. वायरीतून गेली फक्त तारीख. पहिला टास्क तोवर संपून गेलेला, कारण सीआयसीएसमध्ये आपण प्रत्येक एंटरला नव्याने जन्म घेतो. प्रोग्रॅमला नाव-पत्त्याच्या जागी लो-व्हॅल्यूज, म्हणजे शून्य बाइट, मिळाले. लांबीचं फील्ड शून्य आहे का हे कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही, आणि ते लो-व्हॅल्यूज सरळ फाइलमध्ये लिहिले गेले. पत्ते पुसले. रात्री दोनला फोन आला. सकाळपर्यंत मी बॅकअपमधून रेकॉर्ड काढत होते. दुरुस्ती म्हणून एफसेट टाकला आणि अहवालात "मॅपमधील त्रुटी" असं लिहिलं. ते चूक नव्हतं, पण मला कळलंही नव्हतं.

आज साठ ओळींचा एक नकली होस्ट लिहिला. तोच फॉर्म, तीच तारीख. नियंत्रण-बाइट सी३ ठेवला की दुसऱ्या एंटरला एकच फील्ड येतं. सी२ ठेवला, म्हणजे कीबोर्ड मोकळा कर पण एमडीटी राहू दे, की तिन्ही येतात. तीन वेळा करून पाहिलं. एकाच बिटाचा फरक.

या रचनेत दोष आहे असं मला वाटत नाही. भाड्याच्या संथ लाइनवर बत्तीस माणसं एकाच कंट्रोलरवर काम करत असताना, बदललं तेवढंच पाठवायचं, हा उत्तम विचार होता. पण तो विचार माहीत नसलेल्या माणसाने त्यावर प्रोग्रॅम लिहिला की पत्ते पुसले जातात.

२९ जून, रविवार

शून्य बाइट (००) आणि मोकळी जागा, म्हणजे स्पेस (४०), यांतला फरक. स्क्रीनवर दोन्ही रिकामे दिसतात. पण ०० पाठवताना गळतं, ४० गळत नाही. उजव्या बाणाने तीन घरं पुढे जाऊन 'पुणे' लिहिलं (अर्थात इंग्रजी अक्षरांत), तर होस्टला ते डावीकडे सरकून मिळालं. आधी माझीच चूक वाटली. तासभर शोधलं. चूक नाही, मॅन्युअल तसंच सांगतं. स्पेसबारने पुढे गेलं तर जागा तशाच जातात.

इन्सर्ट न चालण्याचं कारणही हेच. फील्डाच्या शेवटी ०० असतील तर मध्ये अक्षर घुसवायला जागा आहे. होस्टने ४० भरून पाठवले असतील तर टर्मिनलच्या दृष्टीने फील्ड भरलेलं आहे, आणि कीबोर्ड अडतो. इरेज-ईओएफ दाबून कर्सरपासून फील्डाच्या शेवटापर्यंत पुसायचं, मग इन्सर्ट. ऑफिसात सगळे हे करतात. कारण विचारलं तर कुणी सांगत नाही, मीही सांगितलं नसतं.

देवनागरीचा विचार मनात आलाच. एबसिडिकमध्ये देवनागरीसाठी ११३७ ही कोड पेज (अक्षरांचा तक्ता) आहे. पण इथे एक बाइट म्हणजे एक घर. 'क्षे' कुठल्या घरात बसवणार? सध्या बाजूला ठेवते, पण विसरणार नाही.

२ जुलै, बुधवार

कीबोर्डचं कुलूप. एंटरनंतर कीबोर्ड बंद, खालच्या ओळीत 'एक्स सिस्टम'. माझा क्लायंट होस्टकडून काहीही आलं की कुलूप उघडत होता. चूक. नियंत्रण-बाइटमध्ये कीबोर्डचा बिट असेल तरच उघडायचं. टीएसओ, म्हणजे एमव्हीएसचा टर्मिनलशी बोलणारा भाग, कधी कधी दोन तुकड्यांत लिहितो, आणि मी पहिल्या तुकड्यानंतर एंटर दाबून मोकळी होत होते. दुरुस्त केलं.

५ जुलै, शनिवार

नावाला '-ई' जोडलं: आयबीएम-३२७८-२-ई. म्हणजे "मला रंग आणि विस्तारित गुणधर्म येतात". असा दावा केला की होस्ट विचारू शकतो, "नेमकं काय काय येतं?" तो प्रश्न असा असतो: एफ३ ०० ०५ ०१ एफएफ ०२. माझ्या १९८१ च्या एमव्हीएसने तो कधी विचारला नाही, म्हणून नकली होस्टमधून पाठवला. त्यात मजकुराचाच भाग म्हणून एफएफ आहे, म्हणजे वायरीवर तो दोनदा जायला हवा. नकली होस्टने एकदाच पाठवला, आणि क्लायंटने पुढचा ०२ टेलनेटची आज्ञा समजून गिळला. १४ जूनचा धडा मी स्वीकारणाऱ्या बाजूला शिकले होते, पाठवणाऱ्या बाजूला विसरले. आता दोन्हीकडे एकच फंक्शन.

उत्तराचा पहिला बाइट ८८. उत्तरात खरं तेवढंच सांगितलं: २४ गुणिले ८०, रंग नाहीत.

८ जुलै, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत नव्या मुलाला दाखवलं. त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला, डाव्या खिडकीत फॉर्म, उजवीकडे बाइट. त्याने नाव भरलं, पत्ता भरला, तारीख मुद्दाम चुकवली. एंटर. उजवीकडे स्क्रीनवरच्या जागांचे तीन पत्ते, तीन मजकूर. होस्टचं उत्तर आलं, त्यातल्या सी३ वर मी बोट ठेवलं आणि काही बोलले नाही. त्याने तारीख सुधारली, एंटर दाबला. जागेचा एकच पत्ता.

"अरे, बाकीचं गेलंच नाही," तो म्हणाला. मग त्यानेच नकली होस्टमध्ये सी३ चा सी२ केला आणि पुन्हा चालवलं. मग पुन्हा सी३ केला आणि या वेळी त्याच उत्तरात पत्त्याच्या फील्डाचा गुणधर्म सी१ करून पाठवला. पत्ता आणि तारीख आले, नाव नाही आलं. त्याने नावालाही सी१ केलं.

थोड्या वेळाने म्हणाला, "मॅडम, एंटरनंतर हे पहिले दोन बाइट प्रत्येक वेळी वेगळे आहेत. कर्सर कुठे होता तेही जातं का?"

जातं. सीआयसीएसमध्ये ते ईआयबीसीपीओएसएन मध्ये मिळतं. वेष उतरवून, साधा आकडा म्हणून. आमच्या एकाही प्रोग्रॅममध्ये ते वापरलेलं मी पाहिलेलं नाही. त्याला एक यादीचा स्क्रीन करायला दिला आहे: कर्सर ज्या ओळीवर, त्या ओळीची पॉलिसी उघडायची, 'एस' टाइप न करता. शुक्रवारी दाखवतो म्हणाला.